उजेड पडला की हवा साफ करणारी भिंत: तिथे नेमकं होतं काय?

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, पेंटर म्हणतोय एक नवीन रंग आलाय, भिंतीला लावला की खोलीतली हवा आपोआप स्वच्छ होते, डब्यावर पण तसंच लिहिलंय, लावू का बाळाच्या खोलीत?" मला तिला पटकन हो किंवा नाही म्हणता आलं नाही, कारण यामागचं रसायनशास्त्र खरं आहे, पन्नास वर्षांहून जुनं आहे, आणि तरीही डब्यावर लिहिलेलं वाक्य मात्र जसंच्या तसं खरं नाही. तिला अर्धा तास फोनवर समजावलं, आणि मग वाटलं की हा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडत असणार, तेव्हा नीट लिहूनच काढावं.

हा विषय बातम्यांत परत परत येतो. २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या आणि इटलीतल्या संशोधकांनी मिळून एक भिंतीचा रंग दाखवला, ज्यात साध्या रंगात टायटेनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळले होते, आणि नुसत्या सूर्यप्रकाशात ९६ टक्के प्रदूषक नष्ट झाले असा त्यांचा आकडा होता. बातम्यांमध्ये "हवा शुद्ध करणारा रंग" असा मथळा फिरला. हा ९६ चा आकडा नेमका कशाचा होता ते पुढे सांगते, पण आधी पाया पक्का करू.

## घरातल्या हवेत असतं काय

प्रदूषण म्हटलं की डोळ्यासमोर धूर ओकणाऱ्या गाड्या येतात, पण घराच्या आतही हवा खराब करणाऱ्या गोष्टी भरपूर असतात आणि त्या सगळ्या एका जातीच्या नसतात, हे लक्षात ठेवायला हवं, कारण एकाच उपायाने सगळ्या जात नाहीत. एक म्हणजे कण, धूळ, काजळी, पीएम २.५ वगैरे. दुसरे म्हणजे ज्योत पेटली की निघणारे वायू, नायट्रोजनचे ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड. आणि तिसऱ्या म्हणजे वाफा, ज्यांना व्हीओसी म्हणतात. व्हीओसी म्हणजे साध्या तापमानालाच उडून हवेत मिसळणारी कार्बनची संयुगं, बस एवढंच. नवीन कपाटाचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो तो बराचसा याच वाफांचा.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव फॉर्मल्डिहाइड. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यात लाकडाचे थर किंवा भुसा चिकटवायला जो गोंद वापरतात त्यात बऱ्याचदा युरिया आणि फॉर्मल्डिहाइड असतं, आणि उकाडा नि दमटपणा वाढला की तो गोंद आतून थोडा थोडा सुटत राहतो, त्यामुळे नवीन फर्निचर महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षं फॉर्मल्डिहाइड सोडत बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये ते माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि २०१० मध्ये संघटनेने घरातल्या हवेसाठी मर्यादा दिली, एका घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाची सरासरी धरून. म्हणजे बहिणीची काळजी अगदी रास्त आहे. प्रश्न एवढाच की भिंतीचा रंग त्यावर काय करू शकतो.

## पांढरा रंग पांढरा कशामुळे असतो

या सगळ्या गोष्टीचा नायक आहे टायटेनियम डायऑक्साइड. नाव जड वाटलं तरी पदार्थ रोजच्या ओळखीचा आहे. पांढऱ्या रंगाच्या डब्यात हाच, टूथपेस्टमध्ये हाच, सनस्क्रीनमध्ये हाच. प्रकाश वाकवण्याची त्याची ताकद हिऱ्यापेक्षाही जास्त आहे, म्हणून त्याची बारीक पूड प्रकाश इतका विखुरते की खालची भिंत दिसतच नाही आणि दोन हातांत काम होतं.

त्याचे स्फटिक मुख्यतः दोन घडणींचे वापरतात, रुटाइल आणि ॲनाटेज. तोच पदार्थ, अणू रचण्याची पद्धत वेगळी. नेहमीच्या रंगात रुटाइल असतं आणि हवा साफ करणाऱ्या रंगात बहुतेक ॲनाटेज, कारण ॲनाटेज प्रकाश पडला की जास्त चपळ वागतं.

हे चपळ वागणं ठळकपणे दिसलं ते टोकियो विद्यापीठात. १९६७ च्या सुमारास अकिरा फुजिशिमा नावाचा एक विद्यार्थी, केनइची होंडा या आपल्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करताना, पाण्यात ठेवलेल्या टायटेनियम डायऑक्साइडच्या तुकड्यावर प्रकाश टाकत होता आणि त्याला तिथून वायूचे बुडबुडे निघताना दिसले. प्रकाशाच्या जोरावर पाणी फुटत होतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होत होते. १९७२ मध्ये दोघांचा निबंध 'नेचर' मासिकात आला आणि तिथून पुढे स्वतःहून स्वच्छ होणारी काच, टाइल, सिमेंट, रंग असं एक मोठं झाड वाढत गेलं. २००१ मध्ये पिल्किंग्टन कंपनीने अशी खिडकीची काच बाजारात आणली, आणि रोममधलं ज्युबिली चर्च, २००३ मध्ये पूर्ण झालेलं, अशाच सिमेंटने बांधलंय जेणेकरून त्याच्या पांढऱ्या भिंती पांढऱ्याच राहाव्यात.

## उजेड पडतो तेव्हा आत काय घडतं

समजा एक भरलेलं सभागृह आहे, खालच्या मजल्यावरच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या आणि वरची गॅलरी पूर्ण रिकामी. खाली कोणाला हलायला जागा नाही म्हणून सगळं गप्प. टायटेनियम डायऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन असेच बसलेले असतात. पुरेशा ताकदीचा प्रकाशकण आदळला की एक इलेक्ट्रॉन उडून वर गॅलरीत जातो आणि खाली त्याची खुर्ची रिकामी राहते. आता वर एक मोकळा इलेक्ट्रॉन आहे आणि खाली एक रिकामी खुर्ची, आणि ती खुर्ची भरायला इतकी आतुर की शेजारून कुणाचाही इलेक्ट्रॉन ओढून घेते.

बहुतेक वेळा होतं असं की उडालेला इलेक्ट्रॉन क्षणाच्याही बारीकशा तुकड्यात परत खाली येऊन आपल्या खुर्चीवर बसतो, थोडी उष्णता निघते आणि काहीच होत नाही. पण काही थोडे निसटतात. वरचा इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, खालची रिकामी खुर्ची पृष्ठभागावरच्या पाण्याच्या कणाचा इलेक्ट्रॉन हिसकावते, आणि या दोन्हींतून अतिशय आक्रमक असे रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, म्हणजे अर्धवट राहिलेले, समोर जे येईल त्याच्याशी भिडणारे रेणू. फॉर्मल्डिहाइडचा कण तिथे आला की ते त्याचे तुकडे करतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. टायटेनियम डायऑक्साइड स्वतः मात्र खर्च होत नाही, ते तसंच राहतं, म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणायचं, आणि प्रकाशावर चालणारा म्हणून फोटोकॅटॅलिस्ट.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. हे आक्रमक रेणू इतके अल्पायुषी असतात की ते भिंत सोडून खोलीत फिरायला जात नाहीत. जे काही होतं ते भिंतीच्या पृष्ठभागाला चिकटूनच होतं, आणि भिंत हवा ओढून घेत नाही, तिला पंखा नाही, मोटर नाही. प्रदूषकालाच चालत भिंतीपर्यंत यावं लागतं. ही एक ओळ डोक्यात पक्की ठेवली तर पुढचं सगळं आपोआप कळतं.

## ही तर रंग बनवणाऱ्यांची जुनी डोकेदुखी

बाहेरच्या बाजूची, बरीच वर्षं ऊन खाल्लेली एखादी जुनी रंगवलेली भिंत शोधा आणि तिच्यावरून तळहात फिरवा. हाताला पांढरी पीठासारखी पूड लागते. मी परवाच आमच्या इमारतीच्या उन्हाकडच्या भिंतीवर करून बघितलं, बोटांच्या रेषांमध्ये ती पूड जाऊन बसली आणि भिंतीवर चार बोटांचा गडद पट्टा उमटला. ही पूड म्हणजे याच रासायनिक क्रियेचा पुरावा. रंगात नुसती पांढरी पूड नसते, ती धरून ठेवणारा चिकट प्लास्टिकसारखा पदार्थ असतो, त्याला बाइंडर म्हणतात, आणि तो बाइंडरही कार्बनचाच बनलेला असतो. ऊन पडलं की टायटेनियम डायऑक्साइडजवळ तयार झालेले आक्रमक रेणू त्यालाच कुरतडायला लागतात, धरून ठेवणारं गेलं की पूड मोकळी.

हे टाळण्यासाठी रंगात वापरायच्या टायटेनियम डायऑक्साइडच्या प्रत्येक कणावर ॲल्युमिना आणि सिलिकाचं पातळ कवच चढवतात. म्हणजे उद्योगाने कित्येक वर्षं ही शक्ती झाकून ठेवायला घालवली, आणि हवा साफ करणाऱ्या रंगात तेच कवच काढून कण उघडा ठेवायचा असतो. मला हे कळलं तेव्हा सगळा विषय एकदम स्वच्छ दिसला: कण उघडा ठेवला तर तो हवेतली घाण खाईल, पण शेजारचा बाइंडरही खाईल. चांगला फोटोकॅटॅलिटिक रंग म्हणजे ज्याचा बाइंडर या माऱ्याला टिकतो तो, म्हणून अशा रंगांत सिलिकेट किंवा सिलिकासारखा खनिज बाइंडर वापरतात. आणि ज्याचा बाइंडर साधाच आहे त्याबद्दल मनात शंका धरायलाच हवी, का ते पुढे येतं.

## पण घरात तसला उजेड आहे कुठे?

हा पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो बरोबर आहे.

ॲनाटेजमधल्या इलेक्ट्रॉनला वर उडवायला ठरावीक ताकदीचा प्रकाशकण लागतो, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून छोट्या लहरींचा प्रकाश. आपल्या डोळ्यांना दिसतो तो प्रकाश ४०० ते ७०० च्या दरम्यान, त्यामुळे हा लागणारा प्रकाश अदृश्य अतिनील पट्ट्यात पडतो, ज्याला आपण यूव्ही म्हणतो. कमी ताकदीचे पुष्कळ कण टाकून चालत नाही. पाच फुटी कंपाउंड ओलांडायचं असेल तर एक एक फुटाच्या पाच उड्या मारून पलीकडे जाता येत नाही, तसंच हे. कितीही लख्ख दिवा लावा, त्यात यूव्ही नसेल तर साधं ॲनाटेज ढिम्म बसून राहतं.

आता घराचा हिशोब बघा. सूर्यप्रकाशात यूव्ही मुळातच थोडा, ऊर्जेच्या मानाने चार-पाच टक्के, त्यातला काही भाग खिडकीची काच अडवते, आणि खिडकीपासून दोन पावलं आत गेलं की उरलेला झपाट्याने कमी होतो. आणि एलईडी? पांढरा एलईडी आतून निळा असतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, वर पिवळसर थर लावून तो पांढरा दिसवलेला असतो, त्यात यूव्ही जवळपास शून्य. म्हणजे रात्री एलईडीच्या उजेडात साधा ॲनाटेजचा रंग आणि नेहमीचा रंग यांत हवेच्या दृष्टीने काही फरक नाही.

यावर तोडगा म्हणून या स्फटिकात दुसरी मूलद्रव्यं किंचित मिसळतात. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी नायट्रोजन मिसळून दाखवलं की हा पदार्थ निळ्या दृश्य प्रकाशातही काम करू लागतो, आणि सुरुवातीला सांगितलेल्या व्हिएन्नाच्या रंगात फॉस्फरस, नायट्रोजन आणि कार्बन असं तिन्ही मिसळलंय. कंपाउंडची उंची थोडी कमी केली म्हणा ना. पण उंची कमी केली की खाली राहिलेल्या रिकाम्या खुर्चीची ओढही कमी होते, आणि मिसळलेले परके अणू इलेक्ट्रॉनला परत खाली खेचायच्या जागाही बनतात. त्यामुळे दृश्य प्रकाशात चालणारे रंग चालतात हे खरं, पण यूव्हीमध्ये ॲनाटेज जेवढं झपाट्याने चालतं तेवढे सहसा नाही.

## प्रयोगशाळेत नव्वद टक्के, मग खोलीत का नाही?

आता तो ९६ टक्क्यांचा आकडा. त्या प्रयोगात रंगवलेल्या पृष्ठभागावर प्रदूषक मिसळलेलं द्रावण सोडलं होतं आणि मग सूर्यप्रकाशात त्यातले ९६ टक्के नष्ट झाले. संशोधकांनी हे लपवलेलं नाही, त्यांनी केलं ते काम चांगलंच आहे, पण द्रावण भिंतीला आधीच भिडलेलं असतं आणि ऊन थेट पडलेलं असतं, त्यामुळे तो आकडा उचलून "खोलीतल्या हवेतलं ९६ टक्के प्रदूषण जातं" असं कोणी म्हणालं तर ते चूक.

हवेसाठीच्या ज्या अधिकृत चाचण्या आहेत त्यांतही हीच अडचण आहे. आयएसओ २२१९७ नावाच्या चाचणीच्या पहिल्या भागात, जो नायट्रिक ऑक्साइडसाठी आहे, पाच बाय दहा सेंटिमीटरचा एक नमुना डबीत ठेवतात, त्यावर चौरस मीटरला १० वॅट यूव्ही सोडतात आणि नमुन्याच्या वरून फक्त ५ मिलिमीटर जाडीच्या फटीतून हवा वाहवतात. ५ मिलिमीटर! म्हणजे प्रत्येक वायुकण भिंतीला जवळजवळ घासूनच जातो. आता तीन मीटर रुंदीच्या खोलीच्या मध्यावर उभे राहा, सगळ्यात जवळची भिंतही दीड मीटरवर आहे, तीनशे पट लांब, आणि यूव्ही १० वॅट सोडा, खिडकीपासून दूरच्या भिंतीवर एका वॅटच्याही पुष्कळ खाली. चाचणी खोटी नाही. दोन रंगांपैकी कुठला जास्त चपळ हे ठरवायला ती उत्तम आहे. तिच्यावरून तुमची खोली किती साफ होईल हे मात्र ठरत नाही.

झाडांच्या बाबतीत अगदी असंच झालं होतं. १९८९ मध्ये नासाच्या प्रयोगात बंद डब्यातल्या कुंड्यांनी हवेतल्या वाफा कमी केल्या आणि घरोघरी हवा शुद्ध करणाऱ्या झाडांच्या याद्या फिरायला लागल्या, पण २०१९ मध्ये असे जुने प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की इमारतीत साधी हवा खेळती राहून जेवढी सफाई होते तेवढी करायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. डब्यातलं सत्य खोलीत आलं की पातळ होतं, कारण खोली मोठी असते आणि दाराखिडक्यांतून हवा सारखी बदलत असते.

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरणही आहे. ब्रुसेल्समधल्या लिओपोल्ड दुसरा या बोगद्यात २०११ ते २०१३ च्या दरम्यान भिंतींना आणि छताला असा लेप लावून, मुद्दाम यूव्ही दिवे बसवून नायट्रोजन ऑक्साइड किती घटतात ते मोजलं. घट २ टक्क्यांच्याही आतच असावी असं निघालं. दिव्यांचा प्रकाश कमी पडला, हवा दमट होती, बोगद्यातून ती भराभर निघून जात होती आणि भिंतीवर काजळी बसून लेप थंडावला होता. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो कारण त्यांनी अपयशाचीही कारणं नीट मांडली, आणि ती चारही कारणं कमीअधिक प्रमाणात आपल्या खोलीलाही लागू होतात.

## अर्धवट तुटलं तर ते कुठे जातं?

हा आक्षेप फार लोक घेत नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

फॉर्मल्डिहाइड छोटा रेणू आहे, त्यात एकच कार्बन, त्याचं चटकन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. पण टोल्युइन घ्या, रंगाच्या थिनरमध्ये असतं ते, त्यात सात कार्बन आहेत आणि ते पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे नऊ रेणू लागतात. हे एका झटक्यात होत नाही, पायरी पायरीने होतं, आणि प्रत्येक पायरीवर तयार होणारा अर्धवट तुकडा भिंतीवरून सुटून परत हवेत येऊ शकतो. या तुकड्यांमध्ये कोण असतं? बेंझाल्डिहाइड असतं, आणि फॉर्मल्डिहाइडही असतं! उजेड कमी असला तर ही अर्धवट कामं वाढतात. म्हणजे एक वाफ गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, आगीतून फुफाट्यात.

त्यात बाइंडरची गोष्ट आठवा. उघडा कण बाइंडरला कुरतडतो तेव्हा त्या बाइंडरचे तुकडेही हवेतच येतात. काही फोटोकॅटॅलिटिक रंगांवर प्रकाश टाकून मोजमाप केल्यावर रंगानेच फॉर्मल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड सोडल्याचं संशोधकांनी दाखवलंय, समोरच्या हवेत काही प्रदूषक नसतानाही. हे सगळ्याच रंगांना लागू नाही, खनिज बाइंडरवाल्यांना तर खूपच कमी, पण म्हणूनच "बाइंडर कुठला" हा प्रश्न दुकानात विचारायचाच. नायट्रोजन डायऑक्साइडचंही थोडं तसंच, उजेडातल्या टायटेनियम डायऑक्साइडवर त्याच्यातून नायट्रस ॲसिडची वाफ तयार होऊ शकते, आणि घरात ती नकोच असते.

## धूळ, बुरशी, विषाणू?

धूळ जात नाही. कण म्हणजे जळणारी वाफ नव्हे, तो भिंतीवर बसला तर उलट उत्प्रेरकालाच झाकतो. कार्बन डायऑक्साइड जात नाही, किंचित वाढलाच तर वाढतो. कार्बन मोनॉक्साइडवर साधं ॲनाटेज नेहमीच्या तापमानाला जवळजवळ काही करत नाही, म्हणून बंद खोलीत काही पेटवायचं असेल तर या रंगाच्या भरवशावर अजिबात राहू नका, हे जिवावर बेतणारं आहे.

बुरशीबद्दल लोक हमखास विचारतात. उजेड पडलेल्या पृष्ठभागावर जंतू आणि बुरशीची वाढ मंदावते हे खरं आहे, पण बुरशी धरते कुठे? कपाटामागे, कोपऱ्यात, ओल आलेल्या अंधाऱ्या जागी. तिथे प्रकाश नाही म्हणजे रंग झोपलेला. ओल बंद करा, बुरशी जाईल. विषाणूंचंही तेच, भिंतीवर बसलेला विषाणू उजेडात हळूहळू निकामी होईल, समोरच्या माणसाच्या खोकल्यातून निघालेला भिंतीपर्यंत जायची वाट बघत नाही.

## भिंत कधी दमते का?

उत्प्रेरक खर्च होत नाही असं मी वर म्हटलं, आणि ते बरोबरच आहे, पण तो झाकला जाऊ शकतो. नायट्रोजन ऑक्साइडचं शेवटी नायट्रेट होऊन ते भिंतीवरच साचतं, बाहेर पाऊस ते धुऊन काढतो, आत पाऊस नाही, त्यामुळे अधूनमधून ओल्या फडक्याने पुसावं लागतं. तेलकट वाफा बसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिलिकॉनची संयुगं, जी शाम्पूत, कॉस्मेटिक्समध्ये, खिडकीच्या फटी बुजवायच्या सीलंटमध्ये असतात, ती भिंतीवर येऊन तुटली की त्यांची वाळूसारखी सिलिका बनते आणि कणावर कायमची बसते, पुसून जात नाही.

## टायटेनियम डायऑक्साइड स्वतः घातक नाही ना?

कर्करोग संस्थेने ते "कदाचित कॅन्सर करणारं" या २बी गटात ठेवलंय, मात्र हा मुद्दा कोरडी पूड श्वासात जाण्याचा आहे. रंगात घट्ट बसलेली पूड सहसा हवेत येत नाही. धोका असतो तो डबा बनवणाऱ्या कामगाराला, आणि भिंत पॉलिश पेपरने घासणाऱ्या पेंटरला. तेव्हा जुना रंग घासताना पेंटरला चांगला मास्क द्या, ओलं करून घासायला सांगा, आणि लहान मुलांना त्या दिवशी तिथून दूर ठेवा. हे सगळ्याच पांढऱ्या रंगांना लागू आहे. पूड सुटायला लागलेली आतली भिंत मात्र तशीच ठेवू नये.

## दुकानात काय विचारायचं

डब्यावर "हवा शुद्ध करणारा" लिहिलं असलं तरी आत तीन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे नुसता लो-व्हीओसी रंग, जो हवा साफ करत नाही, फक्त स्वतः कमी घाण सोडतो, आणि तीही चांगलीच गोष्ट आहे. दुसरा म्हणजे फॉर्मल्डिहाइड शोषणारा, ज्याच्यात त्या वायूला रासायनिक मिठी मारून धरून ठेवणारं काहीतरी घातलेलं असतं, त्याला उजेड लागत नाही, पण धरायच्या जागा भरल्या की काम संपलं. तिसरा आपला फोटोकॅटॅलिटिक. विक्रेत्यालाही बऱ्याचदा यातला फरक माहीत नसतो, म्हणून कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक मागा.

त्यात चाचणी यूव्हीत केली आहे की घरातल्या उजेडात ते बघा. आतल्या प्रकाशासाठी आयएसओ १७१६८ ही वेगळी चाचणी आहे, आणि फक्त २२१९७ चाच उल्लेख असेल तर आकडे यूव्हीचे आहेत असं समजा. चाचणी कुठल्या वायूवर केली, आणि तयार होणारे उपपदार्थ मोजले का, हेही शोधा. उपपदार्थांचा आकडा देणारी कंपनी मला जास्त भरवशाची वाटते.

दुकानात कधी कधी एक प्रात्यक्षिक दाखवतात, भिंतीच्या तुकड्यावर निळं शाईसारखं द्रव लावून दिव्याखाली धरायचं आणि काही वेळात निळा रंग उडून जातो, बघणारा थक्क होतो. यूव्ही दिव्याखाली तो पुरावा बऱ्यापैकी धरता येतो. पण साध्या दिव्याखाली दाखवत असतील तर जरा थांबा. मेथिलीन ब्लूसारखा निळा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि आपला इलेक्ट्रॉन टायटेनियम डायऑक्साइडला देऊन स्वतःच तुटतो, त्यासाठी रंग दृश्य प्रकाशात काम करणारा असावाच लागत नाही. फॉर्मल्डिहाइडला असा रंग नसतो, ते हे करू शकत नाही. शाई उडाली म्हणून वाफ जाईल असं नाही.

## मग बहिणीला काय सांगितलं

तिची खोली मी पाहिलेली आहे. एकच खिडकी, तीही बाजूच्या इमारतीच्या सावलीत, दिवसभर एलईडी लावावा लागतो, आणि एका भिंतीला नवीन पार्टिकल बोर्डचं मोठं कपाट. फॉर्मल्डिहाइड येतंय ते त्या कपाटातून. त्या खोलीत या रंगाला ना प्रकाश आहे ना वाव.

तिला म्हणाले, खनिज बाइंडरचा लो-व्हीओसी रंग घे, बाळ यायच्या निदान दोन महिने आधी लावून टाक. कपाटाच्या ज्या कडांना आणि भोकांना लॅमिनेट नाही, जिथे भुसा उघडा दिसतो, तिथे सुताराकडून पट्टी लावून घे, कारण वाफ मुख्यतः तिथूनच सुटते. कपाटाची दारं आधीपासूनच उघडी ठेव, गरम दिवसांत त्याच्यावर पंखा सोड, आणि समोरासमोरची दार-खिडकी रोज उघड. बाहेर धूळ जास्त असली तर ज्या वेळेला ती कमी असते ती वेळ गाठ, कारण फॉर्मल्डिहाइड घरातच जन्मतं, बाहेरच्या हवेत ते सहसा फार कमी असतं. धुळीसाठी हेपा फिल्टर, वाफांसाठी चांगल्या वजनाचा कोळशाचा फिल्टर, ही यंत्रं हवा स्वतः ओढतात, भिंत ओढत नाही.

"आणि समजा ऊन येणारी खोली असती तर?" तिने विचारलं. तर मी नाही म्हटलं नसतं. मोठी खिडकी, भिंतीवर रोज काही तास थेट प्रकाश, पंख्याने हवा भिंतीवरून फिरतेय, खनिज बाइंडर, उपपदार्थ मोजलेले, अशा ठिकाणी हा रंग थोडी मदत नक्की करेल आणि भिंत जास्त दिवस स्वच्छ राहील हा त्याहून खात्रीचा फायदा. आमच्या आईबाबांची बाहेरची खोली तशी आहे, पूर्वेकडची, सकाळभर उन्हात न्हालेली. तिथल्या एका भिंतीला लावून बघायचं आम्ही ठरवलंय, पण आधी मी त्या कंपनीचं माहितीपत्रक मागवलंय आणि बाइंडरचा रकाना रिकामा आला तर परत पाठवणार आहे.